कळंबच्या जत्रेतली आठ पायांची पाहुणी

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऑक्टोपसला अर्धं पान दिलेलं होतं. एक चित्र आणि चार ओळी. मृदुकाय प्राणी, गोगलगायीच्या कुळातला, आठ भुजा, समुद्रात राहतो. हा धडा मी दोन वर्षं शिकवला होता आणि दर वेळी शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडत असे : "थोडक्यात काय, पाय फुटलेली बिनडोक गोगलगाय." मुलं हसायची आणि तास संपायचा. मी फुलसावंगीच्या कापूस-तुरीच्या घरातला. समुद्र काही मी पाहिलेला नव्हता, वर्गातल्या कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे मला खोटं पाडणारं कोणी नव्हतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी कळंबला मास्तर होतो, बिनलग्नाचा, नदीकडच्या आळीत एका खोलीत राहत होतो. माघात चिंतामणीची जत्रा भरली आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"जत्रेत कोणी एक तंबू टाकलाय," ते म्हणाले. "समुद्राचा आठ पायांचा राक्षस, माणूस गिळतो, असा फलक लावलाय. लोक आत जातात आणि शिव्या देत बाहेर येतात. आत काय आहे ते पाहून या. फसवाफसवी असेल तर पोरांना तिकडे जाऊ द्यायचं नाही."

शाळा सुटल्यावर मी गेलो. तंबूत जस्ती पत्र्याची लांबट टाकी होती, तिच्या एका बाजूला काच बसवलेली. पाण्यात दगडांचा ढीग आणि एक आडवं पडलेलं मडकं. बाकी काही नाही. माझ्यापुढचे दोघे-तिघे बराच वेळ वाकून बघत राहिले. "काहीच तं नाही याच्यात, नुसते गोटे हायेत," असं म्हणत ते निघून गेले. मीही वळणार होतो, तेवढ्यात त्यातल्या एका गोट्यानं डोळा उघडला.

दुसरे शब्द मला अजूनही सापडत नाहीत. बुबुळाच्या जागी आडवी काळी रेघ होती आणि ती रेघ माझ्याकडे बघत होती. मी डावीकडे सरकलो, डोळा डावीकडे फिरला. मग तो सगळा गोटाच हलला, त्याचा खडबडीतपणा जिरून कातडी गुळगुळीत झाली, करडा रंग तपकिरी झाला, आणि दगड होता तिथं आठ भुजांचा एक जीव उभा राहिला. भुजा फार तर माझ्या हाताएवढ्या लांब. माणूस सोडा, त्याला कोंबडीचं पिल्लूही गिळता आलं नसतं.

"तुमका दिसली," मागून आवाज आला. "सगळ्यांका दिसत नाय."

तंबूवाला मालवणकडचा कोळी होता, पन्नाशीचा. उजव्या हाताची तीन बोटं दोरखंडात सापडून गेली होती. जाळं ओढता येईना म्हणून तो गावोगावच्या जत्रांत शंख-शिंपले, वाळवलेले समुद्रघोडे असं दाखवत फिरायचा. जिवंत प्राणी मात्र त्यानं पहिल्यांदाच आणला होता. मुंबईच्या खडकांत धरला, समुद्राच्या पाण्याची पिंपं भरली, रेल्वेनं धामणगाव आणि तिथून मालमोटारीनं कळंब. वाटभर तो सायकलच्या पंपानं पिंपात हवा सोडत आला होता.

"फलक कशाला खोटा लावला?" मी विचारलं.

"गोगलगायीची चुलत बहीण म्हणान लावलंय तर कोण येतला?" तो म्हणाला. मग म्हणाला, "मास्तर, लोकांचा जाऊ दे. हिका जिती कुर्ली होयी. मी आणलेली सगळी मेली. बाजारातलो मासो टाकतंय तर ती ढकलून भायर टाकता. दोन दिस काय खाल्ल्यान नाय."

कुर्ली म्हणजे खेकडे, हे मला त्यानं हाताच्या राहिलेल्या दोन बोटांनी नांगी करून समजावलं. आणि खेकडे म्हटल्यावर मला याडी आठवली.

याडी म्हणजे गोर बोलीत आई. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची ही म्हातारी माझ्या दारी सरपण आणायची आणि अख्खी आळी तिला याडीच म्हणायची. नदीच्या काठच्या बिळांत हात घालून खेकडे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, तर तिनं आधी मला नीट न्याहाळलं.

"खेकडे तुमाले पायजेत का त्या जनावराले?"

"जनावराला."

"मंग मोठे कायले आणू? लहान आणतो," ती म्हणाली. ती स्वतःबद्दल 'आणतो, जातो' असंच बोलायची.

लोणच्याच्या बरणीत सहा खेकडे घालून ती आली. फिरकीचं झाकण घट्ट लावलेलं. कोळ्यानं एक खेकडा पाण्यात सोडला. मडक्यातून आधी एक डोळा वर आला. मग ती अख्खी बाहेर आली, रंग एकदम गडद तांबूस झाला, आणि भुजांमधला पडदा छत्रीसारखा उघडून ती खेकड्यावर बसली. बसल्यावर पुन्हा फिकी झाली आणि शांतपणे त्याला घेऊन मडक्यात गेली.

"कोंबडी असंच झाकते पिल्लायले," याडी म्हणाली. थोड्या वेळानं मडक्याच्या तोंडाशी रिकामी कवची बाहेर आली, एकावर एक ठेवलेली. ती बघून याडी म्हणाली, "उष्टं घरात ठेवत नाही. बाई दिसते."

बाई होती हे नंतर मी शाळेच्या कपाटात सापडलेल्या प्राणिशास्त्राच्या जाड पुस्तकावरून ताडून पाहिलं. नराच्या एका भुजेचं टोक वेगळं असतं, तिथं चोषकं, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, नसतात. हिच्या आठही भुजा टोकापर्यंत सारख्या होत्या.

उरलेले पाच खेकडे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे होते. कोळ्यानं बरणीत समुद्राचं पाणी भरलं, झाकण लावलं आणि लोकांना निदान खेकडे तरी दिसावेत म्हणून बरणी टाकीतच काचेजवळ ठेवली. पुढच्या संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा ती बरणीला मिठी मारून बसली होती. कोळी म्हणाला, दुपारपासून अशीच आहे. भुजांची टोकं काचेवरून, झाकणावरून, झाकणाच्या कडेखालून फिरत होती. एक भुजा मागं दगड चाचपत होती, तिचं या कामाकडे लक्षच नसावं अशी. मग झाकण हललं. आधी घट्ट व्हायच्या बाजूला, आणि मला हसू आलं. मग ती थांबली, आणि झाकण उलट्या बाजूला फिरलं. झाकण सुटून तळाशी पडलं तेव्हा मी हसत नव्हतो.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"माकाच ती झाकणा उघडूक येणत नाय, दोन बोटांनी," कोळी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम तीच बरणी ठेवली. या खेपेला झाकण घट्ट झालं नाही. पहिल्यापासून बरोबर बाजूला फिरलं. तिसऱ्या दिवशी तिला एवढासाच वेळ लागला की तंबूत दाटीनं उभे असलेले लोक पुढं सरकेपर्यंत खेकडा गेलेला होता. त्या रात्री मी धड्याचं ते अर्धं पान उघडलं आणि माझ्या पदरच्या वाक्याची मला लाज वाटली. सकाळी वर्गात मी ते परत घेतलं. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना तंबूत न्याल का, एवढंच विचारायचं होतं.

मी नेलं. मुख्याध्यापकही बरोबर आले. तोवर कोळ्यानं माझ्या सांगण्यावरून फलक पुसला होता आणि शाळा सुटली की लोकांना माहिती मी सांगत होतो. तीन हृदयं, निळं रक्त, अंगात एकही हाड नाही. कठीण म्हणावं असं एकच, पोपटासारखी चोच. चोषकांनी ती नुसतं धरत नाही, चवही घेते. आपल्या प्रत्येक बोटाला जीभ असती तर कसं, तसं. माणूस गिळणाऱ्या राक्षसाला नावं ठेवत जाणारे लोक हे ऐकायला थांबू लागले. निळ्या रक्तावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, पण ते दुसऱ्यांना बोलावून आणत होते. मुख्याध्यापक मागं उभं राहून ऐकत होते. आपला एक शिक्षक तंबूत घसा ताणून बोलतो हे त्यांना आवडलेलं नव्हतं. पण तिनं त्यांच्यासमोर बरणी उघडली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आपल्या सातवीत हे झाकण उघडायला निम्म्यांना जमणार नाही."

माणसंही ती ओळखत होती. जत्रेच्या जागेचा एक ठेकेदार रोज यायचा आणि काठीनं काचेवर टकटक करायचा. पहिल्या दिवशी ती मडक्यात लपली. दुसऱ्या दिवशी त्यानं काठी उचलायच्या आत ती पृष्ठभागाजवळ आली आणि नळीसारख्या अवयवातून पाण्याची पिचकारी सरळ त्याच्या तोंडावर मारली. लोक हसले. तिसऱ्या दिवशी तो काठी न घेता, दुसरा कोट घालून, गर्दीत मागं उभा राहिला. तिनं त्याला हेरलं आणि भिजवलं. शेजारी उभा असलेला मी कोरडाच राहिलो.

आणि याडी आली की ती फिकी व्हायची, वर यायची. याडीनं एकदा हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. एक भुजा हळूच वर आली, मनगटाभोवती गुंडाळली, आणि तिचं टोक एकेक बांगडी चाचपत वर सरकत गेलं. चढून झालं की पुन्हा खाली, पुन्हा वर. याडी हललीसुद्धा नाही.

"भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"कायची भीती? नवी सून आली की सासूच्या अंगावरचं असंच पाह्यते," ती म्हणाली, आणि पाण्याकडे वाकून बोलली, "आ, छोरी, आ."

तिच्या कांचळीला, म्हणजे चोळीला, आरसे आणि कवड्या शिवलेल्या होत्या. ती अशी वाकलेली असताना दुसरी एक भुजा आली, एका कवडीवर थांबली, चोषकं लावली आणि खेचली. दोरा तुटला. कवडी घेऊन स्वारी मडक्यात गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. कोळी ओशाळला. पण त्याची नजर त्या कांचळीवर खिळली होती. "ह्यो कवड्यो दर्यातल्यो," तो म्हणाला. "ह्या मुलखात खंयसून इल्यो?"

"आमच्या आज्याच्या काळच्या हायेत. माहा आजा बैलायवर मीठ आणे. तांडाच्या तांडा जाये. त्यायनं आणल्या असन," याडी म्हणाली.

मग मी त्या दोघांना सांगितलं की कवडीतला जीवही हिच्याच कुळातला. हिच्या पूर्वजांनाही कधीकाळी शिंपला होता. तो त्यांनी टाकून दिला आणि उघड्या अंगानं राहू लागले. अंग झाकायला काही उरलं नाही म्हणून रंग बदलणं, लपणं आणि डोकं चालवणं आलं असावं, असं पुढं मी कुठंतरी वाचलं. त्या दिवशी मी ते अंदाजानंच बोललो होतो. याडी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंग ते कवडी तिचीच झाली. राहू द्या तिच्यापाशी."

जत्रा अजून उरली होती आणि पाणी संपत आलं होतं. कोळी रोज टाकीतलं थोडं पाणी काढून पिंपातलं घालत होता. एक पिंप वाटेत गळलं होतं, आता एकच भरलेलं उरलं. तेव्हा मी पुढं झालो. समुद्राच्या पाण्यात मिठाचं प्रमाण किती हे पुस्तकात होतं. शाळेचा तराजू आणला, बाजारातून जाडं मीठ आणलं, विहिरीचं पाणी गाळलं. कोळी साशंक होता, पण मी मास्तर होतो. संध्याकाळी आम्ही टाकीतलं निम्मं पाणी बदललं. ती लगेच टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पांढरीफटक पडली. मी म्हणालो, "सवय होईल."

सकाळी प्रार्थनेच्या आधी कोळी शाळेच्या फाटकात उभा होता. टाकी रिकामी होती.

रात्री टाकीवर टाकायच्या फळीला काचेच्या बाजूनं दोन बोटांएवढी फट होती. तिथून जमिनीवर एक ओली रेघ उतरत होती. कुत्र्यानं नेली असेल असं मला वाटलं. आम्ही रेघेच्या मागं गेलो. ती दहा पावलांवर, पिंपांपाशी जाऊन थांबली होती. तीन पिंपं रिकामी, चौथ्यात समुद्राचं पाणी. चौथ्याचं फडकं सरकलेलं होतं. आत वाकून पाहिलं तर तळाच्या अंधारात आडव्या रेघेचा डोळा होता.

रिकाम्या पिंपांना तिनं हातही लावला नव्हता. भरलेलं पिंप तिनं वासावरून ओळखलं, चवीवरून, का कोळी रोज तिथून पाणी आणतो हे काचेतून पाहून ठेवलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की मी तयार केलेलं पाणी तिला नको होतं आणि ते सांगायला तिनं उघड्या जमिनीवरून दहा पावलं चालायची जोखीम घेतली होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मिठान दर्या होत नाय, मास्तर," कोळी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

आम्ही तिला पिंपातच राहू दिली. आळीपाळीनं पंप मारत होतो. दुपारी याडी खेकडे घेऊन आली, पण पाहुणीनं एकही घेतला नाही. अंगाचा रंग धड करडा नव्हता, धड तपकिरी नव्हता. याडी पिंपाशी टेकून बसली.

"हिले घरी नेऊन सोड," ती कोळ्याला म्हणाली.

"जत्रेचे मोठे दिस अजून येवचे असत," कोळी म्हणाला.

"मले माहीत हाय."

कोळी उठून बाहेर गेला, बिडी ओढून आला आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला लागला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही. कापसाच्या गाठी घेऊन एक मालमोटार संध्याकाळी धामणगावला जाणार होती. चालक आधी पिंप घ्यायला तयार नव्हता, पण त्याच्या दोन्ही मुलांनी तंबूत बरणी उघडताना पाहिली होती. गाठींच्या बेचक्यात पिंप बसवलं, वरून ओलं गोणपाट टाकलं. माझा सायकलचा पंप मी कोळ्याला दिला, त्याच्या पंपाचा वायसर गेला होता. याडीनं बरणीत चार खेकडे घालून दिले. मोटार हलायच्या आधी तिनं गोणपाट उचलून पिंपात हात घातला. बऱ्याच वेळानं काढला. बांगड्यांवरून पाणी गळत होतं.

"धरला का हात?" मी विचारलं.

"धरला. पण जोर नाई," ती म्हणाली.

पुढचे दोन आठवडे मी टपालवाल्याला रोज विचारत होतो. मग एक पोस्टकार्ड आलं. कोळ्याला लिहिता येत नसावं, अक्षर दुसऱ्या कोणाचं तरी होतं. लिहिलं होतं : भुसावळला पाणी फार तापलं होतं, बर्फाचा खडा गोणपाटात बांधून पिंपाला बाहेरून लावला. नाशिकच्या पुढं तिनं एक खेकडा खाल्ला. ओहोटीला खडकांत नेऊन सोडली. पाण्यात पडली तशी दगडासारखी झाली, मग मलासुद्धा दिसली नाही. जिवंत होती एवढं कळवायला लिहीत आहे. म्हातारीला सांगावं.

याडी सरपण घेऊन आली तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ओट्यावर बसून विचारलं, "आता किती वर्सं जगन ते?"

मला खोटं बोलवेना. "हे प्राणी वर्षभर, फार तर दोन वर्षं जगतात," मी म्हणालो. "मादी एकदाच अंडी घालते. खडकाच्या कपारीत द्राक्षांच्या घडासारखी टांगून ठेवते. मग त्यांच्यावर पाणी मारत, ती पुसत बसते, जेवणसुद्धा सोडते. पिल्लं बाहेर पडली की मरते."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

ती बराच वेळ बांगड्या वरखाली करत राहिली. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"मंग पोरायले शिकवते कोण?" ती म्हणाली. "झाकण उघडाचं, लपाचं, मानूस वळखाचं. माय मेली. बाप?"

"बाप आधीच गेलेला असतो."

"मंग?"

"कोणी नाही शिकवत. प्रत्येक पिल्लू सगळं पहिल्यापासून स्वतःच शिकतं."

"अन् एका वर्सात?"

"एका वर्षात."

याडीनं माझ्याकडे, मग कोपऱ्यात तपासायला ठेवलेल्या सातवीच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सरपणाची दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि उद्या ओलं लाकूड येईल, वाळवून घ्या, असं सांगून ती निघून गेली.